बंगळूरची पद्धत जगभर गेली, शेजारच्या वर्गात का गेली नाही?

१९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांमध्ये इंग्रजी शिकवण्याचा एक प्रयोग झाला. आठ वर्ग, सगळे मिळून अठरा शिक्षक, आणि साधारण आठ ते पंधरा वर्षांची मुलं. आज भाषाशिक्षणाचा कुठलाही गंभीर अभ्यासक्रम घ्या, त्यात हा ‘बंगळूर प्रकल्प’ भेटतोच. टास्कवर, म्हणजे मुलांनी पार पाडायच्या कृतींवर, आधारित भाषाशिक्षणाची जी शाखा पुढे देशोदेशी वाढली, तिचा इतिहास सांगताना बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. पण ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप होता, म्हणजे भरलेल्या वर्गात रोज लागोपाठ तास घेणारे शाळेतले नेहमीचे शिक्षक, त्यांच्यात ही पद्धत रुजली नाही. एकच कल्पना एका जगात इतकी यशस्वी आणि दुसऱ्या जगात इतकी परकी ठरल्याचं उदाहरण क्वचित सापडतं. आपल्याकडे दर काही वर्षांनी नवा अभ्यासक्रम, नवी पद्धत, नवं प्रशिक्षण येत असतं, म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधीची पद्धत

नवी पद्धत कुठे अडली हे समजायचं, तर जुनी कशी पसरली होती ते आधी पाहावं लागतं. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत भारतात इंग्रजीसाठी रचनाधिष्ठित पद्धत आली. वाक्यरचनांची यादी सोप्याकडून अवघडाकडे लावलेली असायची. प्रत्येक रचना एखादा प्रसंग उभा करून तोंडी मांडायची आणि मग मुलांकडून म्हणवून घ्यायची. शिक्षक दाराकडे चालत जायचा आणि म्हणायचा, ‘आय ॲम वॉकिंग टू द डोअर’. मग तेच वाक्य सगळा वर्ग म्हणायचा.

ही पद्धत शाळांपर्यंत नेण्यासाठी १९६० च्या आसपास मद्रास राज्यात एक प्रचंड मोहीम झाली. सुमारे २७,००० प्राथमिक शिक्षकांना नव्याने तयार करायचं होतं. थोड्यांना शिकवायचं, त्यांनी पुढच्या फळीला शिकवायचं आणि असं करत शेवटच्या शाळेपर्यंत पोचायचं, अशी ती योजना होती. उतारावरून घरंगळत मोठ्या होत जाणाऱ्या बर्फाच्या गोळ्याचं नाव त्या मोहिमेला पडलं. पुढे सगळीकडे वापरली गेलेली स्तरीय प्रशिक्षणाची पद्धत ती हीच. १९६३ मध्ये बंगळूरला दक्षिणेकडच्या राज्यांसाठी प्रादेशिक इंग्रजी संस्था उभी राहिली आणि हे काम तिथेही चालू राहिलं.

मोहीम पसरली यात शंका नाही. यादी होती, क्रम होता, पाठ्यपुस्तक होतं, शिक्षकासाठी मार्गदर्शिका होती. एका प्रशिक्षकाकडून दुसऱ्याकडे जाताना या गोष्टी फारशा बिघडत नाहीत. वाटेत गळाला तो अर्थ. रचना प्रसंगातून शिकवायची ती मुलाला तिचा उपयोग जाणवावा म्हणून, हे खालपर्यंत पोचता पोचता वर्गात नुसतं सामुदायिक पठण उरलं. सत्तरच्या दशकात जाणत्या प्रशिक्षकांना एक गोष्ट खुपू लागली होती. मुलं तासाला बिनचूक वाक्यं म्हणतात, पण स्वतःचं काही सांगायची वेळ आली की तेच व्याकरण त्यांच्या हाती लागत नाही.

प्रभूंचं वेगळं निदान

एन. एस. प्रभू तेव्हा मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये होते. बंगळूरची प्रादेशिक इंग्रजी संस्था आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या सहकार्याने त्यांनी हा प्रकल्प उभा केला. त्याच सुमारास युरोपात संवादात्मक भाषाशिक्षणाची लाट आली होती. व्याकरणाच्या यादीऐवजी विनंती करणं, नकार देणं, माफी मागणं अशा व्यवहारांची यादी करायची, असा तिचा भर होता. प्रभूंना ते उत्तर आपल्या प्रश्नाचं वाटलं नाही. भारतातल्या शाळकरी मुलाची मुख्य अडचण कुठे काय बोलावं ही नव्हती. त्याचं व्याकरणच पक्कं होत नव्हतं.

प्रभूंना व्याकरणच हवं होतं, ही बाब पुढच्या प्रसारात सर्वांत आधी हरवली, म्हणून इथे जरा थांबतो. त्यांचं म्हणणं असं होतं की व्याकरणाची जाण आपोआप आणि नकळत तयार होते, आणि ती होते ती मुलाचं सगळं लक्ष अर्थाशी झगडण्यात गुंतलेलं असतं तेव्हा. म्हणून अभ्यासक्रमातून भाषेच्या घटकांची यादीच काढून टाकायची. आधी ठरवून कुठलीही रचना शिकवायची नाही. अभ्यासक्रम असेल तो फक्त कृतींचा.

तास साधारण असा चाले. फळ्यावर किंवा कागदावर रेल्वेचं वेळापत्रक, एखादा नकाशा, दिनदर्शिका किंवा शाळेचं वेळापत्रक असायचं. शिक्षक सगळ्या वर्गाशी मोठ्याने प्रश्नोत्तरं करत एक कोडं सोडवायचा: अमुक गावी दुपारच्या आत पोचायचं तर कुठली गाडी धरावी, चुकली तर पुढची कोणती, तिथे किती वेळ मिळेल. हा झाला पूर्वभाग. मग तशाच प्रकारचं दुसरं कोडं प्रत्येक मुलाने आपलं आपण सोडवायचं. तपासताना उत्तर बरोबर आलं का एवढंच पाहायचं. वाक्यातली चूक ओघात दुरुस्त व्हायची, पण तिच्यासाठी तास थांबायचा नाही. कोड्यात विचार करून निष्कर्ष काढावा लागेल अशी रचना प्रभूंना सगळ्यांत उपयोगी वाटली, कारण नुसती माहिती इकडून तिकडे देण्यात डोकं लागत नाही आणि नुसतं मत मागितलं तर नवशिकं मूल गप्प बसतं. अवघडपणाचा त्यांचा ठोकताळा मला फार आवडतो. वर्गातल्या निम्म्या मुलांना निम्मं तरी काम जमलं, तर कृती योग्य मापाची. सगळ्यांना सगळं जमलं, तर ती फार सोपी.

आणखी एक तपशील. प्रभूंनी गटकार्य मुद्दाम टाळलं. मुलं एकमेकांची अर्धवट भाषा ऐकत बसली तर तीच पक्की होईल, ही त्यांची भीती होती. आज टास्क म्हटलं की आधी गट पाडतात. मूळ वर्गात मात्र शिक्षक फळ्यापाशी उभा राहून सगळ्यांशी बोलत होता. मातृभाषेवरही कडक बंदी नव्हती.

मोजमापाने काय दाखवलं

१९८४ मध्ये प्रकल्प संपत आला तेव्हा एडिंबरा विद्यापीठातले ॲलन बेरेट्टा आणि ॲलन डेव्हिस यांनी प्रयोगवर्गांची तुलना जुन्या पद्धतीच्या वर्गांशी केली. मापही त्यांनी विचार करून निवडलं. एक चाचणी जुन्या पद्धतीला झुकतं माप देणारी रचनांची, एक नव्या पद्धतीला झुकतं माप देणारी कृतीची, आणि बाकीच्या त्यातल्या त्यात तटस्थ: संदर्भातलं व्याकरण, श्रुतलेखन, श्रवण-वाचन आकलन. निकाल साधारण असा लागला की आपापल्या चाचणीत आपापला गट पुढे, आणि तटस्थ चाचण्यांत नव्या पद्धतीची मुलं वरचढ. अभ्यासकांनी याला प्रभूंच्या म्हणण्याचा सावध पाठिंबा मानलं. सावध असायला कारण होतं. वर्ग जसे होते तसेच घेतले होते, आणि प्रयोगवर्गांवरचे शिक्षक नेहमीच्या शिक्षकांपेक्षा बरेच जास्त तयारीचे होते. ख्रिस्तोफर ब्रुमफिट यांनी १९८४ च्या आपल्या लेखातही शिक्षकांच्या या वेगळेपणाकडे बोट दाखवलं होतं.

आता हा निकाल शाळेच्या मुख्याध्यापकाच्या आणि पालकांच्या नजरेने वाचून पाहा. त्यांच्या जगात एकच चाचणी मोजली जाते, वार्षिक परीक्षा. ती जवळपास पूर्णपणे रचनांच्या चाचणीसारखीच असते. म्हणजे नवी पद्धत जिथे मागे पडते, तेवढंच त्यांना दिसणार. तटस्थ चाचण्यांमधला फायदा खरा असला, तरी तो त्यांच्या हाती कधी पडतच नाही.

पंधरा शिक्षक

या प्रकरणातला सगळ्यांत बोलका पुरावा बेरेट्टा यांनी नंतर जमवला. त्यांनी प्रकल्पातल्या १५ शिक्षकांकडून त्यांच्या शिकवण्याची निवेदनं लिहून घेतली आणि पद्धत कुणाच्या किती अंगवळणी पडली होती, याच्या तीन पायऱ्या केल्या. पहिल्या पायरीवरचा शिक्षक पद्धतीशी नुसती ओळख करून घेतोय, अजून चाचपडतोय. दुसऱ्या पायरीवर ती त्याला सहज वापरता येते. तिसऱ्यावर तो तिच्यात स्वतःची भर घालतो. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहा शिक्षक पहिल्या पायरीवर निघाले, सात दुसऱ्या आणि दोन तिसऱ्या.

हे आकडे वाईट नाहीत. पण या पंधरांत बहुतेक जण शिक्षक-प्रशिक्षक आणि तज्ज्ञ होते, म्हणजे शाळेत पाहुणे म्हणून आलेले. शाळेचे नेहमीचे शिक्षक फक्त चार. त्या चारांपैकी तीन पहिल्याच पायरीवर राहिले.

ते आळशी होते किंवा बदलाला घाबरत होते, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. त्यांच्या जागी उभं राहून विचार करू. जुन्या पद्धतीत शिक्षकाचं स्वतःचं इंग्रजी बेताचं असलं तरी निभतं. पाठात दहा वाक्यं असतात, ती आदल्या रात्री तयार करता येतात, वर्गात त्यांच्या बाहेर जावं लागत नाही. नव्या पद्धतीत वर्ग कुठे जाईल ते आधी ठरलेलं नसतं. मुलाने अनपेक्षित उत्तर दिलं की तिथल्या तिथे इंग्रजीत वळण घ्यावं लागतं, पन्नास जोडी डोळ्यांसमोर. चुकलो तर वर्गातला मान जातो. म्हणजे या पद्धतीची खरी किंमत शिक्षकाने स्वतःच्या भाषेतून मोजायची होती, आणि त्याची भाषा वाढवण्याची तजवीज प्रकल्पात नव्हती. पुस्तक नाही, यादी नाही, पोर्शन किती झाला हे सांगायला काही नाही. अधिकाऱ्याने टाचणवही मागितली तर त्यात लिहायचं काय?

मक्याचं बियाणं

नव्या गोष्टी कशा पसरतात याचा शास्त्रीय अभ्यास ज्या कामापासून खऱ्या अर्थाने उभा राहिला, ते काम शेतीतलं आहे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मक्याचं बियाणं शेतकऱ्यांनी कसं स्वीकारलं ते तपासलं आणि १९४३ मध्ये मांडलं. बियाणं १९२८ च्या सुमारास आलं. सरस होतं. तरी सगळीकडे पसरायला दशकाहून जास्त काळ लागला. बियाण्याची बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली, पण पटलं ते शेजाऱ्यामुळे. आणि सुरुवातीला शेतकऱ्यांनी शेताच्या एका तुकड्यावर पेरून पाहिलं. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये अशा अनेक अभ्यासांना एकत्र बांधलं. कल्पना वेगाने पसरते ती लाभ दिसत असेल, आधीच्या रीतीशी जुळत असेल, समजायला सोपी असेल, थोडी करून पाहता येत असेल आणि परिणाम इतरांना दिसत असतील तर. नूमा मार्की यांच्यासारख्या अभ्यासकांनी नव्वदच्या दशकात हाच चष्मा भाषाशिक्षणाला लावला.

बंगळूरच्या प्रयोगाला हा चष्मा लावला की दोन ठिकाणी लख्ख दिसतं.

पहिलं ठिकाण शेजाऱ्याचं. नेहमीच्या शिक्षकाने हा वर्ग पाहिला तेव्हा शिकवत होता तज्ज्ञ. पाहणाऱ्याच्या मनात साहजिकच येतं, ‘यांना जमतं, यांचं इंग्रजी असं आहे, यांना माझ्यासारखे दिवसभर तास नाहीत.’ पटायला आपल्यासारखाच कुणीतरी दिसावा लागतो. इथे तसे फक्त चार होते, आणि त्यांतले तीन स्वतःच अडखळत होते. प्रकल्पाने उघडपणा राखला होता, वार्षिक परिसंवाद घेतले, टीकाकारांनाही बोलावलं, वर्ग पाहू दिले. पण ही खुली दारं मुख्यतः दुसऱ्या तज्ज्ञांसाठी उपयोगी पडली.

दुसरं ठिकाण तुकड्यावर पेरण्याचं. शिक्षक म्हणेल, आठवड्यातून एक तास कृतीचा घेऊन पाहतो. पण बाकीचे तास रचना घोकून घेतल्या तर मुलं कृतीच्या तासालाही रचनेचाच शोध घेतात, आणि शिक्षकही नकळत कालचा धडा त्यात आणतो. या पद्धतीचा प्राण लक्ष अर्थावर ठेवण्यात आहे. थोडीशी घेतली की ती बदलूनच जाते. मका एका वाफ्यात पेरला तरी मकाच उगवतो, तसं इथे होत नाही. शिवाय फळ दिसायला महिने जातात. नकळत वाढणारं व्याकरण चार तासांनी दिसत नसतं.

दुसऱ्या बिरादरीत

आता उलट बाजू. हीच कल्पना विद्यापीठांमध्ये झपाट्याने का गेली? तिथे तिला सगळं अनुकूल होतं. दुसरी भाषा माणूस कशी आत्मसात करतो, यावरचं संशोधन ऐंशीच्या दशकात भरात आलं होतं. अर्थाकडे लक्ष असताना भाषा वाढते का, हा प्रश्न तिथे आधीच चर्चेत होता. प्रभूंनी त्याला खरे वर्ग, खरी कृती आणि तासांची लिखित संभाषणं दिली. १९८७ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचं पुस्तक काढलं. संशोधकाला कल्पना स्वीकारताना किंमत पडत नाही. त्याला वर्गात मान गमवायचा नसतो, उलट त्यावर लेख लिहिता येतो, वाद घालता येतो. १९९६ मध्ये जेन विलिस यांनी शिक्षकांसाठी टास्कवर आधारित तासाची नीट चौकट मांडली. हाँगकाँगने १९९५ पासून प्राथमिक शाळांमध्ये टास्कवर बेतलेला अभ्यासक्रम आणला. २००१ च्या युरोपीय भाषा-चौकटीनेही शिकणाऱ्याकडे टास्क पार पाडणारी व्यक्ती म्हणून पाहिलं.

यातलं सगळं प्रभूंकडून आलं असं म्हणणं चूक होईल. प्रवाह अनेक होते. पण हाँगकाँगमध्ये डेव्हिड कार्लेस यांनी शिक्षकांना जवळून पाहिलं तेव्हा त्यांना आढळलं की शिक्षक टास्कचा अर्थ आपापल्या सवयीप्रमाणे लावून घेतात, आणि पूर्वीचा सराव नव्या नावाने चालू राहतो. मद्रासच्या मोहिमेत झालं होतं तेच, वेगळ्या देशात आणि नेमक्या विरुद्ध पद्धतीच्या बाबतीत.

प्रभूंना हा धोका आधीच दिसला होता. नवी पद्धत वरून लादली तर ती रूढी होऊन बसते, तिची किंमत शिक्षकाच्या स्वतःच्या समजुतीला हलवण्यात आहे, असं त्यांचं मत होतं. १९९० मधल्या गाजलेल्या लेखात त्यांनी सर्वोत्तम पद्धत असं काही नसतं हे मांडलं. शिक्षकाला आपलं शिकवणं मनातून पटलेलं असलं तर कुठल्याही पद्धतीत जीव येतो, आणि यांत्रिकपणे केली तर चांगली पद्धतही मरते, असा त्याचा आशय. म्हणूनच प्रकल्पाने आपली पद्धत सक्तीची व्हावी असा आग्रह धरला नाही, याचा मला आदर आहे. पण माझी तक्रार इथेच आहे. लादायचं नाही हे बरोबर. पटायला लागणारी परिस्थितीही उभी केली नाही, ते मात्र चुकलं. पाच वर्षांचं पाठबळ संपल्यावर त्या चार शिक्षकांनी पुढे काय करायचं, याची आखणी नव्हती.

माझ्या मते या प्रकरणात तीन निर्णय वेगळे व्हायला हवे होते. निम्म्याहून अधिक शिक्षक पहिल्या वर्षापासून शाळेचे नेहमीचे असायला हवे होते. प्रयोगाला त्यामुळे कच्चे निकाल मिळाले असते, पण ते खरे असते. शिक्षकांच्या स्वतःच्या इंग्रजीसाठी वेळ राखायला हवा होता, आणि तो याच पद्धतीने: त्यांनाच कोडी सोडवायला देऊन, त्यांचं लक्ष अर्थात गुंतवून. तसं झालं असतं तर पद्धत आतून कशी वाटते हे त्यांना अंगावर अनुभवता आलं असतं. आणि परीक्षा मंडळाशी सुरुवातीलाच बोलून वार्षिक परीक्षेत एक-दोन प्रश्न कृतीचे घालून घ्यायला हवे होते. दहा गुणांचे का असेनात. त्या दहा गुणांनी मुख्याध्यापकाला आणि पालकांना वर्गात चाललेल्या कामाचं काहीतरी दिसलं असतं, आणि टाचणवही पाहणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षक सांगू शकला असता की हे परीक्षेला आहे.

यांतला तिसरा निर्णय सर्वांत कठीण. परीक्षा मंडळ, अभ्यासक्रम समिती आणि प्रशिक्षण संस्था वेगवेगळ्या चालतात, त्यांचं वेळापत्रक जुळत नाही. पण आज कुठे नवी भाषापद्धत आणण्याची चर्चा सुरू झाली, तर माझा पहिला प्रश्न प्रशिक्षणाच्या तारखांबद्दल नसेल. पुढच्या मार्चमधल्या प्रश्नपत्रिकेत काय बदलणार आहे आणि तो बदल शिक्षकाला जूनमध्ये कळणार आहे का, हे मी विचारेन. त्यानंतर विचारेन की प्रात्यक्षिक तास कोण घेणार. ज्याचं नाव पुढे येईल तो शाळेत रोज तास घेणारा नसेल, तर बंगळूरचे ते पंधरा आणि त्यांतले चार हा हिशोब मी समोर ठेवेन.